आईला उचलायला जड होऊ नये म्हणून जेवण सोडलंय

प्रश्न: ताई, वय २६, अपघातानंतर व्हीलचेअरवर आहे. आई उचलते, तिची कंबर दुखते, म्हणून मी एकदाच जेवते, पाणी टाळते, जास्त खाल्लं तर मुद्दाम उलटी काढते. सगळे म्हणतात, बारीक झालीस, छान!

उत्तर: अगं, तू ओझं नाहीस, हे आधी ऐक. त्या "छान"चा मला रागच आला. हा आजार आहे गं, उलट्यांनी पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, पाणी टाळलं की युरिन इन्फेक्शन, आणि प्रोटीन कमी पडलं की बसून बसून झालेल्या जखमा लवकर भरत नाहीत. आईच्या कंबरेसाठी ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे न उचलता खुर्चीवरून पलंगावर सरकायची फळी, मिळतो, फिजिओथेरपिस्टला विचार. डॉक्टरांना उलट्यांचंही सांग, लपवू नकोस. आजच टेली-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.