ज्वारीचं प्रोटीन, कॉलम कोणता?

प्रश्न: सर, मी सोलापुरात बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करतेय, प्रोजेक्टला मालदांडी ज्वारीतलं प्रोटीन घेतलंय. डिपार्टमेंटला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) आहे पण कॉलम (ज्या नळीत ते वेगळे होतात ती) एकच, सी-१८, १०० अँगस्ट्रॉम, पॅरासिटामॉलच्या प्रॅक्टिकलचा. त्यावर सॅम्पल मारलं की नुसता पसरट ढिगारा येतो. मॅडम म्हणतात साइज एक्स्क्लूजन घे, सीनियर म्हणतो सी-४ घे. पैसे एकाच कॉलमचे आहेत. काय करू?

उत्तर: या वेळी सीनियरचं ऐका. पण दुकानदाराला नुसतं सी-४ सांगू नका, आधी पोअर साइज, म्हणजे आतल्या दाण्यांच्या भोकांचा आकार विचारा, ३०० अँगस्ट्रॉम पाहिजे. तुमचा कॉलम खराब नाहीये हो, त्याची भोकं बारीक आहेत. पॅरासिटामॉल १५१ डाल्टनचं, ते कुठंही शिरतं नि निघतं, आणि ज्वारीतलं मुख्य प्रोटीन म्हणजे काफिरिन, त्यातलं अल्फाच २३-२५ हजार डाल्टनचं, ते त्या भोकात नीट शिरतही नाही आणि शिरलं तर वेळेत बाहेर येत नाही, म्हणून ढिगारा. सी-४ का, तर हा आकडा म्हणजे दाण्यांवरच्या कार्बन साखळीची लांबी, आणि काफिरिन मुळातच पाण्याला भिणारं, लांब साखळीच्या सी-१८ ला ते जास्तच घट्ट चिकटतं. सी-८ स्वस्तात मिळाला तरी चालेल, फक्त ३०० वर तडजोड नको.

मॅडमचंही चुकीचं नाही, दुधाच्या निवळीतलं, पाण्यात विरघळणारं प्रोटीन असतं तर मीही तेच म्हटलो असतो. साइज एक्स्क्लूजन म्हणजे चाळणी असं लोकांना वाटतं, पण ते आपल्या गड्ड्याच्या यात्रेसारखं आहे बघा, नंदीध्वज मोठ्या रस्त्यानं सरळ पुढं जातात आणि बारकी पोरं प्रत्येक पाळण्यापाशी, प्रत्येक स्टॉलमध्ये शिरतात, ती सगळ्यात शेवटी घरी. मोठं प्रोटीन आधी, छोटं नंतर. पण त्यात मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) बहुतेक फॉस्फेट बफर, आणि काफिरिन पाण्यात विरघळतच नाही, तिथंच साका होऊन फ्रिटवर (कॉलमच्या तोंडाच्या जाळीवर) बसेल आणि प्रेशर चढेल. मी एकदा घाईत फॉस्फेटवरून थेट ॲसिटोनायट्राइलवर गेलो होतो, मीठ आतच बसलं आणि चांगला कॉलम गेला, चूक माझीच, मध्ये पाणी चालवायचं राहिलं.

सॅम्पल ६० टक्के टर्शरी ब्युटेनॉलमध्ये काढा, डीटीटी घाला म्हणजे प्रोटीनच्या साखळ्या जोडणारे डायसल्फाइडचे बंध सुटतील. ब्युटेनॉलची बाटली २५ डिग्रीच्या आसपास गोठते, डिसेंबरात सकाळी दगड झालेली दिसली तर घाबरायचं नाही, कोमट पाण्यात ठेवा (मे महिन्यात सोलापुरात हा प्रश्नच नाही). मग फिल्टर करून १० मायक्रोलिटरच मारा, कारण हे सॉल्व्हंट जोरदार आहे, जास्त टाकलं तर अर्धं सॅम्पल न थांबताच पुढं निघून जातं. पाणी आणि ॲसिटोनायट्राइल दोन्हीत ०.१ टक्का टीएफए (ट्रायफ्लुरोॲसिटिक ॲसिड), ओव्हन ५०-६० डिग्रीला, ग्रेडियंट सावकाश, म्हणजे ॲसिटोनायट्राइल हळूहळू वाढवा. दोन सॅम्पलच्या मध्ये एक ब्लँक (सॅम्पलशिवायचा रन) चालवाच, प्रोटीन मागं राहतं आणि पुढच्या रनमध्ये भुतासारखं उगवतं.

जुना सी-१८ ठेवून द्या, पुढं पेप्टाइड (प्रोटीनचे छोटे तुकडे) बघायचे झाले तर त्यावर चांगले येतात. मात्र सगळे करतात म्हणून ट्रिप्सिन या एन्झाइमनं प्रोटीन तोडायला जाऊ नका, ते मुख्यतः लायसिन-आर्जिनिनपाशी कापतं आणि काफिरिनमध्ये लायसिन नावालाच असतं, ट्रिप्सिनला कापायला जागाच फार कमी, त्यापेक्षा कायमोट्रिप्सिन मागवा.