म्हातारा पोपट आणि वजनकाटा

प्रश्न : आमचा आफ्रिकन ग्रे (राखाडी पोपट) २८ वर्षांचा आहे. हल्ली दिवसभर पेंगतो, बोलणंही कमी झालंय. वयामुळेच ना?

उत्तर : २८ म्हणजे ग्रेचं म्हातारपण नव्हे. नीट सांभाळला तर तो चाळिशी सहज ओलांडतो. शिवाय पोपट दुखणं लपवण्यात पटाईत असतो, कारण रानात जो दुबळा दिसतो त्याच्यावरच आधी झडप पडते. त्यामुळे आपल्या लक्षात येईपर्यंत आजार बराच मुरलेला असतो. वर्षानुवर्षं नुसत्या सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या असतील तर रक्तवाहिन्यांत चरबी साठते. ग्रेमध्ये हे बरंच आढळतं. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी आणि एक्स-रे करून घ्या.

आणि आजच ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणा. रोज सकाळी, त्याची शीट टाकून झाली की खाण्याआधी वजन करा, वहीत टिपा. आजारी पोपट पिसं फुगवून बसतो, म्हणून आतून हाडं लागलेला पक्षीही गुबगुबीत दिसतो. डोळे फसतात, काटा फसत नाही. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर डॉक्टरांकडे न्यायला थांबू नका. बसल्या बसल्या प्रत्येक श्वासाला शेपूट हलत असेल तर त्याच दिवशी जा.

प्रश्न : १८ वर्षांची कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) दांडीवरून पडते. हात पुढे केला की चावते. इतकी खाष्ट का झाली?

उत्तर : खाष्ट नाही, बहुधा तिला दिसत नाही किंवा दुखतंय. डोळ्याच्या बाहुलीत पांढुरकी झाक दिसते का पाहा, ती मोतीबिंदूची असू शकते. तळवे उलटून बघा : लाल, गुळगुळीत झाले असतील तर एकाच जाडीची दांडी हे कारण असू शकतं. कमी-जास्त जाडीच्या, खडबडीत सालीच्या फांद्या लावा, त्याही कमी उंचीवर. तळाशी टॉवेल अंथरा. मात्र दाणापाण्याच्या वाट्या जागच्या हलवू नका, तिला वाट पाठ असते. हात नेण्याआधी हाक मारा. सांधेदुखीवर औषध मिळतं, पण माणसांची गोळी मुळीच देऊ नका.

प्रश्न : नऊ वर्षांच्या बजीची (बजरीगर, छोटा पोपट) चोच वाढलीय. घरी कापू का?

उत्तर : नको. चोचीत रक्तवाहिनी असते. यकृत बिघडलं तरी चोच अशी वाढते. ते आधी तपासा.

प्रश्न : बिया एकदम बंद करून पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणारं गोळ्यांचं खाद्य) सुरू करू?

उत्तर : एकदम नको. म्हातारा पोपट पेलेटला अन्नच समजत नाही आणि भरल्या वाटीपुढे उपाशी बसतो. काही आठवडे थोडं थोडं मिसळत जा, वजनाची वही जवळ ठेवून.