‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज अपयशी होते, तर मग ते तीस वर्षे काम काय करत होते?

आपला प्रश्न असा आहे की, ‘ग्रेट ईस्टर्न’चा उल्लेख जिथे-तिथे फसलेले जहाज म्हणून होतो, मग भंगारात जाईपर्यंत त्याने केले तरी काय? माझ्या मते प्रवासी जहाज म्हणून ते खरोखरच फसले, पण ज्या कामासाठी ते बांधलेच नव्हते, ते काम त्याच्याइतके चोख त्या काळी दुसऱ्या कोणत्याही जहाजाला जमले नसते.

इझम्बार्ड ब्रुनेल या ब्रिटिश अभियंत्याने हे 692 फूट लांबीचे जहाज पूर्वेकडच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रवासासाठी आखले होते. वाटेत कोळसा घ्यावा लागू नये म्हणून हजारो टन कोळसा पोटात घेऊनच ते निघणार होते. कोळसा जळत गेला की जहाज हलके होऊन पाण्याबाहेर उचलले जाते आणि पाणी मागे लोटून त्याला पुढे ढकलणारी बाजूची चाके पुरेशी बुडत नाहीत. उलट पूर्ण भरलेले असताना ती नको इतकी खोल जातात. म्हणून 56 फूट व्यासाच्या दोन चाकांच्या जोडीला मागे पाण्याखाली फिरणारा 24 फुटांचा पंखाही (प्रोपेलर) बसवला होता, आणि दोन्हींची इंजिने स्वतंत्र होती. दहा बॉयलरांच्या मिळून 112 भट्ट्या होत्या. एवढ्या भट्ट्यांच्या तोंडाशी उभे राहून फावड्याने कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांचा विचार या जहाजाचे कौतुक करणारे फारसे करत नाहीत. सप्टेंबर 1859 मधील चाचणी-सफरीत धुराड्याभोवतीच्या पाणी तापवण्याच्या कोठीचा स्फोट झाला, तेव्हा मेले तेही आगवालेच.

पुढे मालकांनी जहाज न्यूयॉर्कच्या मार्गावर लावले. तिथे छोटी जहाजे प्रवाशांना वेळेवर पोहोचवत होती, त्यामुळे कोळशाच्या या प्रचंड साठ्याचा काही उपयोगच राहिला नाही. 1861 च्या वादळात दोन्ही चाके गेली आणि सुकाणूही मोडले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ खडकाने तळ फाटला, तरी तळ दुहेरी असल्याने जहाज तरले. अखेर 1864 मध्ये ते अवघ्या 25,000 पौंडांना विकले गेले.

खरे काम सुरू झाले ते त्यानंतर. अटलांटिकच्या तळाशी तारा (टेलिग्राम) पाठवण्याची केबल टाकण्याचे आधीचे प्रयत्न दोन जहाजांत अर्धी-अर्धी केबल भरून झाले होते, कारण सगळी केबल मावेल असे जहाजच नव्हते. ‘ग्रेट ईस्टर्न’च्या तीन टाक्यांत ती पूर्ण मावली. टाक्यांत पाणी भरून ठेवत, कारण उष्णतेने केबलीवरचे गटापर्चाचे (झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरासारख्या पदार्थाचे) आवरण मऊ होते. जहाज मागच्या बाजूने केबल सोडत हळूहळू चाले आणि अंधाऱ्या खोलीत आरशाच्या गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे केबलीतला वीजप्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाचा, प्रकाशठिपका सतत न्याहाळला जाई. तो पट्टीवरून सरकला की कुठेतरी वीज झिरपते आहे असे समजायचे, जहाज थांबवायचे आणि केबल परत ओढून घ्यायची. 1865 मध्ये असाच दोष सापडला तेव्हा आवरणात लोखंडी तारेचा लहानसा तुकडा घुसलेला दिसला आणि घातपाताची शंका आली. त्याच सफरीत, 2 ऑगस्टला, केबल तुटून दोन मैलांहून खोल गेली. दुसऱ्या वर्षी नवी केबल 27 जुलैला उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर पोहोचली, आणि मग गळ टाकून जुनीही वर काढून पूर्ण करण्यात आली. चिकाटीची ही गोष्ट मला ब्रुनेलच्या आराखड्याहूनही मोठी वाटते.

मुंबईशी या जहाजाचा संबंध 1870 चा. सुएझ कालवा नुकताच खुला झाला होता, परंतु चाकांसह सुमारे 118 फूट रुंदीचे हे धूड त्यात मावणारे नव्हते. म्हणून आफ्रिकेला वळसा घालून ते आले, आणि उन्हाने केबल तापू नये म्हणून त्याचा काळा रंग बदलून पांढरा केला होता. फेब्रुवारीत मुंबईहून अरबस्तानातल्या एडन बंदरापर्यंत केबल पडली. तोवर इंग्लंडच्या तारा इराण-तुर्कस्तानमार्गे हातोहाती पुढे जात, दिवसच्या दिवस रखडत आणि वाटेत मजकूरही बिघडत असे. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईहून समुद्रमार्गे थेट इंग्लंडपर्यंतची साखळी पूर्ण झाली.

पुढे केबलीसाठीच बांधलेली जहाजे आली आणि याला काम उरले नाही. 1886 मध्ये लिव्हरपूलला ते जाहिराती रंगवलेले तरंगते प्रदर्शन झाले होते. 1889 मध्ये मर्सी नदीकाठी तोडायला घेतले, पण ज्या दुहेरी तळाने त्याला खडकावर वाचवले होते, त्यानेच तोडणाऱ्यांना दमवले. त्याची एक डोलकाठी लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या अ‍ॅनफील्ड मैदानावर झेंड्याचा खांब म्हणून आजही उभी आहे.