तीन टक्क्यांपेक्षा तीन हजार मोठे

नाशिक

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

महिन्याला दोन हजार बाजूला पडणार आहेत, तर बारा टक्के देणारा फंड घेऊ की पंधरा टक्के देणारा, असं तू विचारलंस. आधी हिशोबच मांडू. दोन हजारांची एसआयपी, म्हणजे दरमहा फंडात ठरलेली रक्कम टाकणं, दहा वर्षं चालली आणि बारा टक्क्यांनी वाढली, तर साधारण ४ लाख ६० हजार होतात. पंधरा टक्के मिळाले तर साडेपाच लाख. दोन्हींची हमी कुणी देत नाही, हे लक्षात ठेव. आता समज, तू दरमहा पाच हजार टाकलेस आणि मिळाले फक्त आठच टक्के. तरी नऊ लाखांच्या वर जातात. ज्या तीन टक्क्यांसाठी तू रात्री मोबाइलवर फंडांच्या याद्या चाळतेस, त्यापेक्षा हातात आलेले जास्तीचे तीन हजार कितीतरी मोठे आहेत. रक्कम मोठी झाली की टक्क्याला महत्त्व येईल. आज तुझा प्रश्न एकच आहे : हे पाच हजार आणायचे कुठून?

महागाईचं गणितही याच अंगाने बघ. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट चार टक्क्यांचं आहे, त्यात दोन टक्के इकडे-तिकडे चालतात. तू सहा धरून चाल. मुलांची फी आणि दवाखान्याचं बिल सरासरीचं ऐकत नाहीत. सहा टक्क्यांनी किमती बारा वर्षांत दुप्पट होतात. तुझा पगार आज १९ हजार आहे. बारा वर्षांनी तो ३८ हजार झाला तर घरात पेढे वाटले जातील, पण त्या पैशात किराणा, भाडं आणि पेट्रोल आजच्याइतकंच येईल. आणि ते एसआयपीचे ४ लाख ६० हजार? दहा वर्षांनी त्यांत आजच्या अडीच लाखांएवढ्याच वस्तू येतील. म्हणून दरवर्षीच्या पाच-सहा टक्के वाढीला मी वाढ म्हणत नाही. तेवढ्याने तू फक्त बुडत नाहीस.

खरी वाढ कामाची पायरी बदलली की येते. तू सातपूरला क्वालिटीत, म्हणजे माल तपासायला आहेस. व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज ही मापाची साधनं लावतेस, रिपोर्ट भरतेस. काम नेटकं करतेस, हे मला माहीत आहे. पण ते काम जमणारी मुलं-मुली दरवर्षी डिप्लोमा आणि आयटीआयमधून बाहेर पडतात, म्हणून त्या खुर्चीचा पगार हलत नाही. जीडी अँड टी पक्कं कर, म्हणजे ड्रॉइंगवर भागाचा आकार, जागा आणि चालणारी सूट सांगणारी खुणांची भाषा. मापाचा आधार म्हणून ड्रॉइंगवर हाच डेटम का घेतला, या भोकाच्या जागेला एवढीच सूट, म्हणजे पोझिशनचा टॉलरन्स, का दिला, हे डिझाइनवाल्याला विचारण्याइतकं आणि त्याचं उत्तर तपासण्याइतकं पक्कं. सीएमएमवर, म्हणजे माप घेणाऱ्या यंत्रावर, दुसऱ्याने केलेला प्रोग्राम चालवतेस, तो स्वतः लिहायला लाग. मग एसपीसी, म्हणजे मापांचे चार्ट ठेवून प्रोसेसवर नजर ठेवणं. माल नापास आहे हे सांगणारी माणसं पुष्कळ असतात. प्रोसेस सरकायला लागली आहे हे चार्ट बघून दोन तास आधी मशीनवर जाऊन सांगणारं माणूस शॉपमध्ये एखादंच असतं, आणि त्याला सोडताना मॅनेजर दहादा विचार करतो.

हेच का शिकायचं, तेही सांगतो. ओझरच्या विमान कारखान्यात मिग-२१ बनली, पुढे सुखोई-३० बनली आणि २०२५ मध्ये तिथूनच तेजस उडालं. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ नियम लागू झाला आणि डिझेल इंजिनाच्या भागांवर जगणाऱ्या कारखान्यांना बदलावं लागलं. विजेच्या गाडीला तर इंधन फवारणारा इंजेक्टरच लागत नाही. वस्तू बदलत राहतील. ड्रॉइंग वाचणं आणि मायक्रॉनमध्ये माप धरणं प्रत्येक वस्तूला लागतं. जे एका कंपनीच्या एकाच पार्टपुरतं उपयोगी आहे, त्यावर वर्षं घालवू नकोस.

आता वेळेचं. ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो, त्यामुळे रविवार विकायचा मोह होतो, आणि घरी गरज असेल तेव्हा विकावाही लागतो. पण सगळे रविवार विकू नकोस. तू दिंडोरीची, तुला द्राक्षाचं वेगळं सांगायला नको. एप्रिलच्या खरड छाटणीतून एक घड हाती येत नाही, वर खर्च होतो. तरी काडीत घड धरण्याची तयारी त्याच उन्हाळ्यात होते. ती चुकली तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला कितीही खत-औषध ओतलं तरी बाग रिकामी. तुझी ही दोन-तीन वर्षं खरड छाटणीची आहेत. या काळात मैत्रिणीचा पगार तुझ्यापुढे गेला तर जाऊ दे.

शिकलेलं आपोआप पगारात उतरत नाही, हे मात्र मनावर घे. चांगल्या मुली इथेच मागे राहतात. मुकाट्याने काम करतात आणि कुणीतरी बघेल म्हणून थांबतात. एक वही ठेव. कुठल्या पार्टचं रिजेक्शन किती होतं, तू काय बदललंस, नंतर किती झालं, तारखेसकट लिही. वाढीची पत्रं निघाल्यावर बोलून काही होत नाही. दोन-तीन महिने आधी वरिष्ठांकडे जा, वही पुढे ठेव आणि आकडा माग. दोनदा मागूनही हलत नसेल तर अंबडचे कारखाने आहेत, सिन्नरचे आहेत. पुण्याजवळच्या चाकणचा पगार डोळे दिपवतो, पण तिथलं भाडं, खानावळ आणि येणं-जाणं वजा करून मगच तुलना कर.

पैसे वाढायला लागले की काय करायचं, त्यात फार डोकं चालवायची गरज नाही. प्रत्येक वाढीतला निम्मा भाग घरात येण्याआधीच एसआयपीत वळव. बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा एखादा कमी खर्चाचा इंडेक्स फंड पुरे. चार-सहा महिन्यांचा खर्च बँकेत पडू दे. नोकरी बदलताना पीएफ काढू नकोस, यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावरून, नव्या कंपनीकडे वळव. पगारातून कापल्या जाणाऱ्या तुझ्या बारा टक्क्यांबरोबर कंपनीचीही भर पडते आणि तो पैसा शांतपणे वाढतो. वर्षात दामदुप्पट सांगणारा कुणी आला, मग तो नात्यातला का असेना, त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, छत्र जातं, लगेच नाही, पण चालू सहामाही संपली की वर्गणी थांबते आणि काही महिन्यांनी छत्रही जातं. त्या आधी स्वतःचा आरोग्य विमा घेऊन ठेव. आई-बाबा तुझ्यावर अवलंबून आहेत, म्हणून टर्म इन्शुरन्स, म्हणजे निव्वळ आयुर्विमाही. एका ऑपरेशनमध्ये पाच वर्षांची एसआयपी मोडलेली मी शेजारच्या घरांत पाहिली आहे, आणि ती माणसं उधळी नव्हती.

येत्या रविवारी सकाळी घरी ये. पगाराची पावती आण, बेसिक आणि पीएफचे आकडे मला बघायचे आहेत. जीडी अँड टीच्या पुस्तकातलं न कळलेलं एखादं ड्रॉइंगही आण. कंपनीचं आणू नकोस, ते गेटबाहेर काढायचं नसतं.

तुझा,
काका