ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं पाहिजे

अगं,

तुझा मेसेज वाचला, मग शांतपणे बसून परत वाचला. एवढं सगळं मनात साठवून ठेवलं होतंस तर आधीच सांगायचं ना. ॲनाटॉमीच्या टेस्टमध्ये नापास, स्किल लॅबमध्ये हात थरथरले, वॉर्डमध्ये ड्रेसिंग बघताना चक्कर आली, सिस्टरांनी सगळ्यांसमोर झापलं, आणि शेवटी तो प्रश्न, की ताई मी या फिल्डसाठी आहे तरी का. याचं उत्तर नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये कुणालाच देता येत नाही गं, मलाही नाही आणि तुलाही नाही, त्यामुळे तो प्रश्न सध्या बाजूला ठेव. नापास झालेलं भरून काढता येतं, हात थरथरायचे थांबतात.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच ओळीची. तू अगदी सहज लिहून गेलीस की प्रॅक्टिकलला बीपी ऐकूच आलं नाही, मग पार्टनरचं 120/80 आलं होतं तेच जर्नलमध्ये टाकलं, सगळे तसंच करतात. सगळे करतात हे खरं असेल, तरीही तू करू नकोस. समोर तुझी मैत्रीण बसलेली होती, ठणठणीत, म्हणून काही बिघडलं नाही. पण हाताला लागलेली सवय वॉर्डमध्येही सोबत येते, आणि तिथे तू लिहिलेला आकडा बघून डॉक्टर औषध द्यायचं की थांबवायचं ते ठरवणार, पुढच्या शिफ्टची सिस्टर त्या आकड्याशी तुलना करून म्हणणार की सकाळी तर बरं होतं. पेशंटचं बीपी खाली जात असेल आणि चार्टवर 120/80 असेल तर कुणी धावत येणारच नाही. ऐकू आलं नाही तर ऐकू आलं नाही असं म्हणायचं. मला विचारशील तर पहिल्या सेमिस्टरमध्ये शिकायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच, बाकी सगळं तिच्या मागून येतं.

आता ऐकू का येत नाही ते बघू, कारण तुझे कान चांगले आहेत, गडबड बहुतेक आधीच झालेली असते. माणूस नीट बसलाय का बघ, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या पातळीवर आधाराला टेकलेला. कफ, म्हणजे हवा भरायचा तो पट्टा, उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. कोपराच्या आतल्या बाजूला बोटांनी ब्रेकियल आर्टरी, म्हणजे दंडातली मोठी रक्तवाहिनी, आधी शोध, खरंच शोध, अंदाजाने स्टेथोची चकती, डायफ्राम, ठेवू नकोस, आणि कफची खालची कड तिच्या दोन-तीन सेंटीमीटर वर येऊ दे. मग स्टेथो कानात घालायच्या आधी मनगटावरची नाडी धर आणि कफ फुगव, नाडी लागायची बंद झाली तो आकडा लक्षात ठेव, हवा पूर्ण सोड, थोडं थांब. आता स्टेथो घाल, इअरपीस नाकाच्या दिशेला वळलेले हवेत, उलटे घातले की अर्धा आवाज तिथेच जातो. मघाच्या आकड्यापेक्षा 30 ने जास्त फुगव आणि सेकंदाला 2-3 मिलिमीटर अशी हळू हवा सोड. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज पूर्ण गेला तो खालचा. हे आवाज कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जनने 1905 मध्ये सांगितले, आजही आपण तेच ऐकतोय. नाडी धरून आधी अंदाज घ्यायची पायरी मुलं हमखास गाळतात, वेळ वाचतो म्हणून, पण काही लोकांत आवाज मध्येच गायब होऊन खाली परत सुरू होतो, अशा वेळी तू कमी फुगवलंस तर वरचा आकडा चक्क खोटा कमी येतो.

एवढं करूनही आलं नाही तर हवा पूर्ण सोड, मिनिटभर थांब, परत एकदा घे. नाहीच आलं तर टीचरला म्हण, मॅडम मला ऐकू येत नाहीये, तुम्ही बघता का. चांगली टीचर यावर रागवत नाही, आणि रागावली तरी तो राग परवडला.

आणि जर्नलमधलं ते 120/80, त्याचं काय करायचं तेही सांगते. मॅडमकडे जा, सांग की हे रीडिंग माझं नव्हतं, मला परत घ्यायचंय. त्यावर एक आडवी रेघ मार म्हणजे खालचं वाचता येईल, बाजूला तारीख आणि सही. व्हाईटनर नाही, खाडाखोड नाही, पान फाडणं तर नाहीच. वॉर्डच्या कागदावर लिहिलेलं दुरुस्त करायची पद्धत साधारण अशीच असते, ती जर्नलपासूनच अंगवळणी पडू दे.

बीपीसारखंच श्वासाचं. कुठल्याही वॉर्डचे चार्ट चाळलेस तर श्वासाच्या रकान्यात ओळीने 18, 20, 18, 20 दिसेल, आणि त्यातले बरेच कुणी मोजलेलेच नसतात. प्रौढ माणसाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास नॉर्मल, त्यामुळे 18 लिहिलं की कुणी विचारत नाही. पण पेशंट बिघडायला लागला की पुष्कळदा सगळ्यात आधी श्वासच वाढतो, बीपी त्यानंतर पडतं, शरीर तोवर सांभाळून घेत असतं. म्हणजे सगळ्यात लवकर सांगणारी खूण तीच आणि आपण तीच अंदाजाने भरतो. हे मला खरंच सहन होत नाही. मोजायचं कसं, तर पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणूस श्वास वेगळा घ्यायला लागतो, नाडी मोजून झाली तरी हात मनगटावर तसाच ठेवायचा आणि छातीकडे नजर ठेवून पूर्ण मिनिटभर मोजायचे. नाडी मोजताना अंगठा वापरू नकोस, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते, तुझी की त्याची कळत नाही.

तू लिहिलंस की बेडमेकिंग आणि स्पंजिंग, म्हणजे पेशंटचं अंग पुसणं, करायला ॲडमिशन घेतलं होतं का. राग समजतो, पण इथे मी तुझ्या बाजूने नाही. चादरीची सुरकुती काढायची ती इन्स्पेक्शनसाठी नाही. जो माणूस स्वतःहून कूस बदलू शकत नाही त्याच्या माकडहाडावर, टाचांवर, नितंबाच्या कडांवर सतत दाब येतो, तिथलं रक्त थांबतं, आणि ओल, घर्षण, सुरकुत्या त्यात भर घालतात. स्पंजिंग करताना तू त्याची पाठ बघतेस, कदाचित पूर्ण दिवसात बघणारी तू एकटीच. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून बघ, दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक, लालच राहिला तर बेडसोर सुरू झालाय, लगेच सिस्टरांना सांग. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे बाजूच्या भागापेक्षा गरम, कडक किंवा रंगाने वेगळं लागतंय का ते हाताने बघायचं. नुसत्या स्पंजिंगमध्ये एवढं काम आहे.

फ्लोरेन्स नाइटिंगेलची गोष्ट तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवली असेल, दिवा घेतलेली बाई वगैरे. मला तिचं दुसरंच कौतुक आहे. 1854 मध्ये ती 38 नर्सेस घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली तेव्हा तिथे मृत्यूच्या नोंदीसुद्धा धड नव्हत्या. तिने आकडे नीट गोळा केले, त्यातून दिसलं की सैनिक जखमांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने आजारांनी मरतायत, आणि परत आल्यावर तिने त्याच्या आकृत्या काढून सरकारपुढे ठेवल्या. कुणीतरी खरा आकडा लिहिला म्हणून ते दिसलं ना.

हातांबद्दल थोडक्यात. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती वॉर्डमध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. एवढी वर्षं झाली तरी लोक अजून टाळतात. हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं सॅनिटायझर, असेल तर 20-30 सेकंद, साबण-पाणी असेल तर सगळं मिळून 40-60 सेकंद, आणि अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात तिकडे लक्ष दे. ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुवायला नको असं नाही, काढल्यावरही धुवायचे. सीनियर धूत नसेल तर तू तिला बघून शिकू नकोस, एवढंच.

चक्कर. जखम बघून चक्कर येणं म्हणजे तू कच्ची आहेस असं अजिबात नाही, नाडी मंदावते, बीपी पडतं, मेंदूला रक्त कमी पोचतं, बस. हे भल्याभल्यांना होतं आणि बघून बघून कमी होतं. पोटात काहीतरी घालून वॉर्डला जा, पाणी पी, गुडघे ताठ करून एका जागी उभी राहू नकोस, पोटऱ्या आवळत सोडत राहा. घाम फुटला, कानात आवाज यायला लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच मागे सरक आणि खाली बस, जमिनीवर बसावं लागलं तरी चालेल. उभं राहून सहन करत बसलीस तर पडशील आणि निर्जंतुक केलेल्या सामानाच्या, स्टराइल ट्रॉलीवर पडशील.

आणि परक्या माणसाच्या अंगाला हात लावायची जी लाज तू लिहिलीस, ती लाज पूर्ण जाऊ नये असं मला वाटतं. बेडपॅन देताना तुला अवघडल्यासारखं झालं ना, त्या आजोबांना तुझ्यापेक्षा जास्त झालं असणार. आधी नाव सांग, मी स्टुडंट आहे असं सांग, काय करणार ते सांग, हो म्हणाले की मग हात लाव. नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे, मनाला लावून घेऊ नकोस, सिस्टरांना जाऊन सांग. पडदा ओढ, जेवढं लागेल तेवढंच उघड, बाकी चादर वरच राहू दे. गप्प राहून पटपट उरकलं की दोघांनाही जास्त त्रास होतो, दोन वाक्यं बोलत राहिलीस की सोपं जातं.

सिस्टरांच्या झापण्याबद्दल फार लिहीत नाही. त्या ओरडल्या कशावरून ते बघ, ते बरोबर असेल तर तेवढं उचल. सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं हेही खरंच आहे. रोज कुणी अपमान करत असेल तर मात्र गप्प बसू नकोस, क्लास टीचरला सांग, मला सांग. आणि झोप येत नाही, जेवण जात नाही, सकाळी उठावंसंच वाटत नाही असं दोन आठवडे सलग चाललं तर कॉलेजच्या काउन्सिलरकडे किंवा डॉक्टरकडे जा, पेशंटला आपण जे सांगतो ते आपल्यालाही लागू आहे.

राहिली ॲनाटॉमी. 206 हाडं ओळीने पाठ करत बसलीस म्हणून डोक्यात राहत नाहीत. जी प्रोसिजर शिकलीस तिच्या खाली काय आहे ते वाच. बीपी घेतलंस ना, मग त्याच रात्री दंडाचं हाड ह्यूमरस, ब्रेकियल आर्टरी, ती कोपराखाली रेडियल आणि अल्नर अशा दोन रक्तवाहिन्यांत फुटते ते वाच, आणि स्वतःच्या हातावर बोट फिरवून बघ. इंजेक्शन शिकाल तेव्हा सायॅटिक नर्व्ह, म्हणजे कुल्ल्यातून पायात जाणारी मोठी नस, कुठून जाते ते वाचलंस की कुल्ल्याची ठरावीक जागाच का निवडतात ते आपोआप कळेल, पाठ करावं लागणार नाही. पुस्तक मिटून कागदावर आकृती काढ, नावं घाल, मग उघडून तपास, नुसतं हायलाइट करत बसल्याने आलंय असं फक्त वाटतं.

रिटेस्ट मंगळवारी म्हणालीस. रविवारी संध्याकाळी मला फोन कर, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं मला शिकवायचं, पुस्तकात न बघता, मी मध्ये मध्ये विचारत जाईन. जिथे अडशील तिथे अडले म्हणून सांग, तेवढाच भाग सोमवारी परत करू.

तुझी,
ताई