गाडी बंद पडण्याआधीच हे बघून ठेव

भावा, नवीन गाडी आहे म्हणून निवांत राहू नकोस, बंद पडायला बॅटरीच पुरते. इंजिन बंद करून रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या खाली असेल तर चार्ज कर, आणि चालू इंजिनवर 14 च्या आसपास येत नसेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) चेक करून घे, उगाच नवी बॅटरी घेऊन बसशील.

रोडसाइड असिस्टन्सचा (रस्त्यात गाडी बंद पडली तर मिळणाऱ्या मदतीचा) कागद आत्ताच वाच, किती किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट, वर्षातून किती वेळा, पंक्चर धरलंय का ते. फोन केल्यावर गाडी ऑटोमॅटिक आहे की फोर व्हील ड्राइव्ह ते आधी सांग आणि फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) माग, कारण पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेली तर फोर व्हील ड्राइव्हची वाट लागू शकते (ड्रायव्हर म्हणेल काही होत नाही साहेब, ऐकू नकोस). चढवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढ, नंतर ओरखड्यावरून वाद नको. टो हुक (गाडी ओढायला बंपरमध्ये आट्यांनी बसवायचा हुक) बहुतेक गाड्यांत स्टेपनीजवळ टूलकिटमध्ये असतो, बऱ्याच गाड्यांत उलट्या आट्यांचा, म्हणून बसत नाही म्हणून जोर लावू नकोस, डावीकडे फिरवून बघ. आणि हो, स्टेपनीतली हवा पण बघ, ती कोणीच बघत नाही.