तुमचे प्रश्न: टांझानियात जमलं ते युगांडात का नाही जमलं?

प्रश्न: सर, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कम्युनिटीच्या लेक्चरला मॅडमनी सांगितलं की टांझानियात गुप्तरोगांचा नीट इलाज केला तर एचआयव्हीची नवी लागण 40 टक्क्यांनी कमी झाली. नंतर लायब्ररीत वाचलं की शेजारच्या युगांडात पण असंच केलं अन् काहीच फरक पडला नाही. मग खरं काय समजायचं? अन् परीक्षेत काय लिहायचं?
– एक विद्यार्थिनी, नंदनवन, नागपूर

उत्तर: दोन्ही खरं आहे, आणि परीक्षेतही दोन्ही लिही. पण दोन्हीकडे "असंच" केलं नव्हतं, सगळी गोम तिथेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

टांझानियाचं म्वांझा हे व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावर आहे. तिथे 1991 मध्ये 12 वस्त्या निवडल्या, त्यातल्या 6 वस्त्यांच्या सरकारी दवाखान्यात गुप्तरोगांची सेवा सुधारली आणि बाकीच्या 6 आधी होत्या तशाच ठेवल्या, म्हणजे त्यांची पाळी नंतर. प्रत्येक वस्तीतले साधारण 1000 मोठे माणसं दोन वर्षं पाहिले. सुधारलेल्या बाजूला नवी लागण 1.2 टक्के, दुसऱ्या बाजूला 1.9 टक्के. तुझ्या मॅडमचे साधारण 40 टक्के ते हेच, 1995 मध्ये छापून आले आणि तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली कारण एचआयव्हीवर चालणारं असं काहीतरी पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं.

आता "सेवा सुधारली" म्हणजे काय केलं ते पहा, मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही. दवाखान्यात जे होते त्याच लोकांना ट्रेनिंग दिलं, औषधं संपू दिली नाहीत, वरून कोणीतरी नियमित येऊन बघून गेलं आणि गावात सांगितलं की असा त्रास असेल तर या. एखादा माणूस आला, लघवीच्या जागी जळजळ, पू येतो म्हणाला, तर त्याला लॅबचा रिपोर्ट घेऊन या म्हणून परत नाही पाठवला, तसा त्रास ज्या दोन तीन जंतूंनी होतो त्या सगळ्यांवरची औषधं त्याच दिवशी, त्याच टेबलवर दिली, निरोध दिले आणि जोडीदाराला पण आण म्हणून सांगितलं. यालाच सिंड्रोमिक मॅनेजमेंट म्हणतात. तू पोस्टिंगला सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी क्लिनिकमध्ये, गेली असशील तर तिथे औषधांच्या रंगीत किट पाहिल्या असशील, करड्या रंगाची किट नंबर 1 मूत्रमार्गातून पू जाण्यासाठी, हिरवी किट बायांच्या अंगावरून जाण्यासाठी. ती पद्धत हीच.

युगांडाचं राकाई त्याच सरोवराच्या पश्चिमेला. तिथली ट्रायल 1994 मध्ये सुरू झाली आणि तिची कल्पना अगदी वेगळी होती. गुप्तरोग असणाऱ्या बऱ्याच जणांना, खासकरून बायांना, काही त्रासच जाणवत नाही, मग ते दवाखान्यात येतील कशाला? म्हणून कार्यकर्ते दर 10 महिन्यांनी घरोघरी गेले आणि त्रास असो नसो सगळ्यांनाच अँटिबायोटिक दिली, दुसऱ्या बाजूच्या गावांना जंताच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. कागदावर तर हे म्वांझापेक्षा जास्त जोरदार वाटतं ना? पण दोन्ही बाजूंना एचआयव्हीची नवी लागण वर्षाला शंभरामागे दीडच्या आसपासच राहिली.

का? पहिलं म्हणजे वेळ. म्वांझात तेव्हा शंभरातल्या साधारण 4 मोठ्या माणसांना एचआयव्ही होता आणि राकाईत 16 जणांना. साथ नवी असते तेव्हा व्हायरस जास्त करून गुप्तरोग असणाऱ्या, जोडीदार बदलणाऱ्या लोकांतून पुढे जातो, तिथे परमा (गोनोरिया) आणि गरमी (सिफिलिस) आवरली तर व्हायरसचा रस्ताच अडतो. साथ जुनी झाली की तो नवरा-बायकोच्या घरात पोचलेला असतो, तिथे जोडीतल्या एकाला एचआयव्ही असतो, दुसऱ्याला नसतो, आणि दुसरा कुठलाही गुप्तरोग नसताना सुद्धा लागण होत राहते. दुसरं, राकाईत लोकांच्या गुप्तांगावरच्या जखमांपैकी बऱ्याच हर्पिसच्या होत्या, हर्पिस हा व्हायरस, त्यावर अँटिबायोटिक काय करणार. तिसरं, 10 महिन्यांत एकदा गोळी दिली आणि दुसऱ्या महिन्यात माणसाला परत इन्फेक्शन झालं तर उरलेले 8-9 महिने तो तसाच, म्वांझातला माणूस मात्र त्रास झाला की कधीही दवाखान्यात जाऊ शकत होता.

म्हणजे गुप्तरोगाने एचआयव्ही वाढतो हे चुकीचं ठरलं असं अजिबात समजू नको. मलावीच्या लिलाँग्वेमध्ये एचआयव्ही असलेल्या पुरुषांवर अभ्यास झाला, 1997 मध्ये छापला गेला. ज्यांना मूत्रमार्गाचं इन्फेक्शन होतं त्यांच्या वीर्यात व्हायरस आठपट जास्त निघाला आणि इलाजानंतर दोन आठवड्यांत तो उतरला. यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे. पण शरीरात जे होतं ते खरं असलं तरी गावात एक कार्यक्रम चालवून तेवढाच फायदा मिळेल असं नसतं. हर्पिसचं पण तसंच झालं, आफ्रिकेतल्या 7 देशांत 3408 जोड्यांवर ॲसायक्लोव्हिर या हर्पिसच्या औषधाची ट्रायल केली, जखमा 73 टक्क्यांनी कमी झाल्या आणि एचआयव्ही जोडीदाराला जायचा तेवढा गेलाच. 2010 चा रिझल्ट आहे हा. खूप लोकांची खूप मेहनत होती त्यात.

अजून एक, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. राकाईत एचआयव्हीवर फरक पडला नाही पण ज्या गरोदर बायांना गोळ्या मिळाल्या त्यांच्यात कमी वजनाची बाळं आणि जन्मल्यावर लगेच दगावणारी बाळं कमी दिसली. तू उद्या वॉर्डात उभी राहशील तेव्हा हे लक्षात ठेव. अंगावरून पांढरं जातं म्हणून एखादी बाई हळू आवाजात सांगते, तिचा इलाज एचआयव्हीच्या आकड्यासाठी नाही, तिच्यासाठीच करायचा. आपल्याकडे स्टेशनच्या आजूबाजूला भिंतींवर "गुप्तरोग का शर्तिया इलाज" लिहिलेलं असतं आणि लोकं तिकडे हजारो रुपये घालवतात, सरकारी दवाखान्यातली करडी किट फुकट आहे, पण तिथे लाज वाटते म्हणून जात नाहीत. ही लाज तुझ्या बोलण्याने कमी होऊ शकते.

प्रश्न: साहेब, मी सांख्यिकी खात्यातून रिटायर झालो. 2007 साली भारतातल्या एचआयव्हीचा आकडा एका झटक्यात 52 लाखावरून 25 लाखावर आला होता. आफ्रिकेतले पण आकडे तेव्हाच उतरवले. इतके वर्ष खोटे आकडे सांगत होते काय?
– महाल, नागपूर

उत्तर: खोटे नव्हते काका, पण मोजले कोणाला हे पाहावं लागते. सुरुवातीला आफ्रिकेत आणि आपल्याकडे पण मुख्य आधार होता तो गरोदर बायांच्या तपासणीचा, त्यांचं रक्त तसंही घेतलंच जाते म्हणून सोपं पडते. आपल्याकडे त्यासोबत गुप्तरोगांच्या दवाखान्यातले पेशंट पण होते. आता अशी सेंटरं जास्त करून शहरात नाहीतर मोठ्या सडकेवरच्या गावात, आतल्या खेड्यातलं फारसं कोणी त्यात येत नव्हतं. मग घरोघरी जाऊन रक्त तपासणारे सर्व्हे सुरू झाले, केनियात 2003 मध्ये केला तर 6.7 टक्के निघाले, आधीचा अंदाज त्याहून चांगलाच वर होता. आपल्याकडे 2005-06 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं आणि 0.28 टक्के आलं. त्यावरून नॅकोने, म्हणजे देशाच्या एड्स नियंत्रण संस्थेने, आकडा सुधारला.

घरोघरच्या सर्व्हेत पण खोट असतेच हे तुम्हाला मी काय सांगू. कोणी टेस्टला नाही म्हणते, कोणी ट्रकवर, कोणी कामाच्या शोधात दुसऱ्या गावी, आणि बरेचदा धोका त्यांनाच जास्त. गरोदर बायांच्या आकड्यात उलटी पण एक भानगड आहे, एचआयव्ही झाल्यावर दिवस राहण्याचं प्रमाण कमी होते, म्हणजे तिशीच्या पुढच्या बायांत लागण आहे त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून आता दोन्ही धरून अंदाज काढतात. मला विचाराल तर आकडा उतरवायला त्या वेळी हिंमत लागली, कारण आकडा मोठा असला की पैसा मोठा येतो.

प्रश्न: माझे मिस्टर ट्रक चालवतात. दोन वर्षांआधी त्यांना एचआयव्ही निघाला, माझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. ते रोज गोळ्या घेतात. आम्हाला एक मूल पाहिजे. सासरी कोणाला माहीत नाही. मी काय करू?
– नाव नको, वाडी, नागपूर

उत्तर: ताई, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मिस्टरांचा व्हायरल लोड, म्हणजे त्यांच्या रक्तात व्हायरस किती आहे ते. ज्या राकाईबद्दल वर लिहिलं तिथेच 415 अशा जोड्या पाहिल्या होत्या, तुमच्यासारख्याच, एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही. 2000 मध्ये छापलं ते, ज्यांच्या एका मिलीलिटर रक्तात 1500 पेक्षा कमी व्हायरस होता त्यांच्यापैकी एकाकडूनही जोडीदाराला लागण झाली नव्हती. मग विचार आला की गोळ्यांनी व्हायरस खाली आणला तर? त्यासाठी 1763 जोड्यांची मोठी ट्रायल झाली, जास्त करून आफ्रिकेत, पण आपल्या पुण्यातल्या आणि चेन्नईतल्या जोड्या पण त्यात होत्या. 2011 मध्ये रिझल्ट आला, जोडीदाराकडूनच झालेल्या 28 लागणी सापडल्या आणि त्यातली फक्त 1 लवकर गोळ्या सुरू केलेल्या गटातली. 96 टक्के फरक. आज हे पक्कं आहे की गोळ्या न चुकवता घेतल्या आणि रक्तात व्हायरस सापडत नसेल तर संबंधातून लागण होत नाही. आपल्याकडे 2017 पासून निदान झालं की लगेच गोळ्या देतात त्याचं एक कारण हेच.

तर असं करा. मिस्टर ज्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते केंद्र) जातात, मेडिकल कॉलेजचं असो की दुसरं, तिथे दोघं मिळून जा आणि शेवटचा व्हायरल लोड कधी केला, किती आला ते विचारा. टेस्ट फुकट आहे. मूल पाहिजे हे तिथल्या डॉक्टरांना आणि कौन्सेलरला सरळ सांगा, ते रोज असे प्रश्न ऐकतात, रिपोर्ट पाहून कधी प्रयत्न करायचा ते ठरवून देतील. तोपर्यंत निरोध वापरा. मिस्टर ट्रक चालवतात म्हणता, तर लांबच्या फेरीवर जाताना गोळ्या फेरीपेक्षा आठ दिवस जास्तीच्या सोबत असू द्या, गाडी कुठे अडकली म्हणून डोस चुकायला नको. तुमची टेस्ट पण डॉक्टर सांगतील तेव्हा परत करत रहा, आणि दोघांपैकी कोणाला जखम, जळजळ, अंगावरून जाणं असं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

सासरी सांगायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवाल. 2017 च्या कायद्याप्रमाणे डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय सासरच्या कोणाला सांगू शकत नाही आणि नुसत्या या कारणावरून मिस्टरांना नोकरीवरून काढता येत नाही. बोलायला कोणी नसेल तर 1097 ला फोन करा, फोन फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही.